शब्दचर्चा : ‘तटस्थ’, ‘निःपक्षपाती’ आणि ‘उत्तरदायी’

प्रश्न (शहादा) : संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेच्या ‘स्पेशल रॅपोर्टर’वर टिपण करायचं आहे. बातम्यांत ‘तटस्थ विशेष दूत’ असं वाचलं. चालेल का? आणि ते ‘परिषदेला जबाबदार’ असतात, हे बरोबर?

जळगाव : ताई, तिन्ही शब्द बदला. दूत पाठवणाऱ्याचा निरोप पोचवतो. हा माणूस मानवी हक्कांची स्थिती स्वतः तपासतो आणि स्वतःच्या नावाने अहवाल देतो. संयुक्त राष्ट्रांचा तो नोकर नाही, त्याला पगारही नाही. ‘विशेष प्रतिवेदक’ लिहा.

‘तटस्थ’ने जास्त घोळ होतो. तट म्हणजे काठ; तटस्थ तो, जो काठावर उभा राहतो, पाण्यात उतरत नाही. युद्धात न पडलेला देश तटस्थ, मत न देणारा सदस्य तटस्थ. प्रतिवेदकाला मात्र कधी ना कधी सांगावंच लागतं की अमुक ठिकाणी हक्क मोडला. तसं त्याने सांगितलं की वाचक म्हणतो, ‘मग हा कसला तटस्थ?’ चूक अनुवादकाची, बोल त्याला. ‘निःपक्षपाती’ माणसाला निष्कर्ष काढायची मनाई नाही. दोघांना दोन मापं लावायची मनाई आहे.

धुळे : अहिराणीत सांगायचं तर ‘दोन्हीसनं ऐकीसन बोलस’ तो निःपक्षपाती. ऐकणंही आलं, बोलणंही आलं.

‘स्वतंत्र’ आणि ‘निःपक्षपाती’ एकाच अर्थाने वापरू नका. परिषदेच्या 2007च्या ठराव 5/1मध्ये प्रतिवेदकाच्या निवडीचे सहा निकष आहेत, त्यांत हे दोन वेगळे मोजले आहेत. पाठीमागे कोणी नाही तो स्वतंत्र. तोलताना हात हलत नाही तो निःपक्षपाती. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. सरदार सरोवराच्या चौकशीसाठी 1991मध्ये मोर्स समिती नेमली ती जागतिक बँकेनेच. बुडितात अक्कलकुवा-अक्राणीची 33 गावं होती, मणिबेली त्यांतलं पहिलं. जून 1992च्या अहवालात समितीने नेमणाऱ्या बँकेलाच प्रकल्पातून मागे पाऊल घ्यायला सांगितलं. ही समिती संयुक्त राष्ट्रांची नव्हे, पण ‘स्वतंत्र’चा अर्थ इथे लख्ख दिसतो. तिला तटस्थ मात्र म्हणता येणार नाही.

जळगाव : अनुवादात निःपक्षपातीपणा नेमका कुठे गळतो, तेही पाहा. प्रतिवेदक सरकारला आरोपपत्र पाठवत नाही. आरोपांची माहिती देणारं पत्र पाठवतो. त्यात बहुतेक वेळा ‘आरोपांच्या खरेखोटेपणाबद्दल आधीच मत न बनवता’ अशा अर्थाचं वाक्य असतं. मराठी बातमीत पहिली कात्री त्यालाच लागते आणि विचारणेचा निकाल होऊन बसतो. दुसरी कात्री सरकारच्या उत्तराला. प्रतिवेदकांच्या आचारसंहितेच्या (परिषदेचा ठराव 5/2, 18 जून 2007) कलम 13नुसार जाहीर निवेदनात सरकारने काय उत्तर दिलं, तेही प्रामाणिकपणे सांगायचं असतं. मूळ निवेदनात ते असेल तर मराठीत आलंच पाहिजे, एका ओळीत का होईना.

धुळे : आता ‘जबाबदार’. ‘अपघाताला जबाबदार कोण?’ या वापरामुळे या शब्दाला दोषाचा वास आहे. ‘बांधील’ तर नकोच. परिषदेत 47 देश आहेत, त्यांना बांधील राहिला तर तपासणार कोणाला? त्याच आचारसंहितेचं कलम 3 सांगतं की कोणत्याही सरकारकडून किंवा संस्थेकडून सूचना घ्यायच्या नाहीत. कामाबद्दल भेटवस्तू, मानसन्मान, मोबदला घ्यायचा नाही. कलम 15 म्हणतं, काम पार पाडताना तो परिषदेला ‘उत्तरदायी’ आहे. म्हणजे हिशेब द्यायचा, हुकूम घ्यायचा नाही. ‘जबाबदेही’ हिंदीतून आलाय, टाळा.

हा हिशेब फार महत्त्वाचा आहे, कारण कामात बोललेल्या शब्दांसाठी त्याला बाहेर न्यायालयात ओढता येत नाही. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक असलेले मलेशियाचे कुमारस्वामी यांच्यावर एका मुलाखतीवरून तिथल्या न्यायालयांत बदनामीचे दावे झाले. 29 एप्रिल 1999 रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की त्या बोलण्यासाठी त्यांना कायदेशीर कारवाईपासून संरक्षण आहे. प्रतिवेदकांची समन्वय समिती तक्रारी पाहते, पण कोणाला पदावरून काढू शकत नाही. माझ्या मते कच्चा दुवा हाच आहे, आणि टिपणात तो यायला हवा.

शहादा : मग असं लिहू? ‘विशेष प्रतिवेदक स्वतंत्र व निःपक्षपाती असतो, आपल्या कामाबाबत तो मानवाधिकार परिषदेला उत्तरदायी असतो, पण तिच्या आदेशाखाली नसतो.’

जळगाव : हेच ठेवा. फक्त ‘निःपक्षपाती’तला विसर्ग टाईप करताना गळतो, तेवढं तपासा.