चीनचं राष्ट्रगीत: 'धोक्याची घडी' ही ओळ तशीच ठेवली, ते बरोबर झालं का?

वाटसरू
चिनी शिकायला लागले तेव्हा बाईंनी उच्चारासाठी सगळ्यात आधी एक गाणं घोटून घेतलं. "छि-लाय!" म्हणजे "उठा!" पुढे, "गुलाम व्हायला नकार देणाऱ्यांनो, उठा! आपल्या रक्तामांसाची नवी महाभिंत बांधू या!" जेमतेम पाऊण मिनिटाचं गाणं, पण म्हणताना अंगावर काटा यायचा. हेच चीनचं राष्ट्रगीत, 'स्वयंसेवकांचं संचलनगीत'.

ते कुठल्या सरकारने लिहून घेतलेलं नाही. १८ सप्टेंबर १९३१ ला ईशान्य चीनमधल्या मुकदेनजवळ रेल्वेमार्गावर स्फोट झाला आणि ते निमित्त करून जपानने मांचुरिया हा सगळा भाग गिळला. तिथे जी स्वयंसेवक पथकं लढली, त्यांच्यावरून हे नाव आलं. १९३४-३५ च्या सुमारास शांघायमधल्या एका बोलपटासाठी नाटककार त्यान हान यांनी शब्द लिहिले आणि न्ये अर् या तेवीस वर्षांच्या पोराने चाल लावली. फेब्रुवारीत त्यान हानना तेव्हाच्या कोमिंतांग पक्षाच्या सरकारने पकडलं. न्ये अर् अटक टाळायला जपानला गेला आणि तिथूनच त्याने पक्की केलेली चाल पाठवली. १७ जुलैला तो तिथल्याच समुद्रात पोहताना बुडाला.

माझा मुद्दा १९४९ चा आहे. कम्युनिस्टांची सत्ता आली तेव्हा राष्ट्रगीतासाठी लोकांकडून रचना मागवल्या, पण मनासारखं काही मिळेना. तेव्हा चित्रकार शू पेइहोंग यांनी हे गाणं सुचवलं (१९४० मध्ये शांतिनिकेतनात गांधीजींचं रेखाचित्र काढलं होतं, तेच हे). आक्षेप लगेच आला: "चिनी राष्ट्रावर सर्वात धोक्याची घडी आली आहे" असं आता कशाला म्हणायचं? देश तर मुक्त झाला! क्वो मोरुओ यांच्यासारखे मोठे कवी शब्द बदला म्हणणाऱ्यांत होते. कम्युनिस्ट नेते चौ एन-लाय म्हणाले, जुने शब्दच राहू द्या, त्यांनीच भावना जागी होते. माओंनीही होकार दिला आणि २७ सप्टेंबरला ते तात्पुरतं राष्ट्रगीत ठरलं.

मला तो निर्णय अगदी योग्य वाटतो. ज्या घडीला गाणं जन्मलं ती घडी त्यातून काढली, तर मागे नुसती घोषणा उरते.

तिठा
ताई, तुम्ही मनापासून लिहिलंय, पण मला हे पटत नाही.

१९३५ मध्ये ती ओळ खरी होती. आज जगातल्या सर्वात बलाढ्य देशांपैकी एक देश शाळेतल्या पोरांकडून "सर्वात धोक्याची घडी" म्हणवून घेतो, त्याचा परिणाम काय होतो? आपण कायम वेढ्यात आहोत ही भावना. आणि वेढ्यात असलेल्या गावात कुणी प्रश्न विचारायचे नसतात. सत्तेला ही ओळ फार सोयीची आहे.

हाँगकाँगचंच बघा. २०१५ पासून तिथले फुटबॉलप्रेमी सामन्याआधी हे गीत लागलं की हुर्यो उडवायचे. २०१७ मध्ये बीजिंगने राष्ट्रगीताचा कायदा केला आणि जून २०२० मध्ये हाँगकाँगमध्येही तसाच आला: अपमान केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड. "गुलाम होऊ नका" सांगणाऱ्या गाण्यासाठी माणसाला तुरुंगात घालायचं! ही विसंगती तुमच्या लेखात यायलाच हवी होती.

सुरंगी
मी गाणं शिकवते, म्हणून चालीबद्दल थोडं. "धोक्याची घडी"च्या ओळीत 'सर्वात' या शब्दाआधी चाल एक क्षणभर श्वास रोखते आणि मग त्या शब्दावर कोसळते. त्यानंतर "उठा! उठा! उठा!", आणि दर वेळी सूर आधीपेक्षा वर. शेवटी "पुढे चला, पुढे चला", आणि 'पुढे' हा शब्द एकदा जास्तीचा येतो. ओळी लांबीला सारख्या नाहीत, तरी पाऊल चुकत नाही. तेवीस वर्षांच्या मुलाने हे केलंय. ती ओळ बदलली तर तो रोखलेला श्वास कुठे ठेवणार? चाल त्याच शब्दांसाठी बांधलेली आहे.

वाटसरू
तिठा, कायद्याचा मुद्दा मान्य. तो मी टाळायला नको होता.

पण शब्द बदलून काय होतं, तेही चीनने करून पाहिलंय. सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे १९६६ पासूनच्या माओंच्या शुद्धीकरण मोहिमेत, त्यान हानच शत्रू ठरले. मग राष्ट्रगीताची नुसती धून वाजू लागली, शब्द गायचे नाहीत. १० डिसेंबर १९६८ ला कैदेत असतानाच ते वारले, तेही दुसऱ्याच नावाखाली. राष्ट्रगीत लिहिणारा माणूस, आणि कागदोपत्री त्याला स्वतःचं नावसुद्धा नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मार्च १९७८ मध्ये नवे शब्द आले. त्यात पक्ष आला, माओंचा झेंडा आला. ४ डिसेंबर १९८२ ला ते काढून जुने शब्द परत आणावे लागले. सत्तेच्या सोयीचे शब्द पाच वर्षंही टिकले नाहीत.

तिठा
'आणावे लागले' म्हणू नका, 'आणले' म्हणा. लोकांनी मागणी केली म्हणून नव्हे, माओंनंतरच्या नेतृत्वाला व्यक्तिपूजा नको होती म्हणून. शब्द घालणारी आणि काढणारी सत्ता एकच होती. यात गाण्याचा विजय मला दिसत नाही.

काजवा
दोघांनीही २०२२ सोडून दिलं. नोव्हेंबरमध्ये पश्चिम चीनमधल्या उरुमची शहरात एका इमारतीला आग लागली, दहा माणसं गेली. कोविडच्या टाळेबंदीमुळे सुटकेला उशीर झाला असा लोकांचा संताप होता. ते रस्त्यावर उतरले आणि त्यांनी गायलं काय? हेच. "गुलाम व्हायला नकार देणाऱ्यांनो, उठा." त्याआधी एप्रिलमध्ये शांघाय बंद होतं, तेव्हा वेइबो या चिनी समाजमाध्यमावर ही पहिली ओळ शोधली तर निकाल अडवले जात असल्याच्या बातम्या होत्या. सरकारला स्वतःच्याच राष्ट्रगीताची पहिली ओळ बोचली!

तिठा
ती ढाल होती, काजवा. दुसरं काही गायलं तर उचलून नेतील, राष्ट्रगीतावर हात टाकणं अवघड, म्हणून ते गायलं. त्या लोकांबद्दल मला अपार आदर आहे. पण माणसाला निषेधासाठीसुद्धा सरकारचंच गाणं उरतं, याचं मला वाईट वाटतं.

वाटसरू
ढाल म्हणून उपयोगी पडली, कारण शब्द जुने होते. १९७८ चे शब्द असते तर त्या रात्री उरुमचीत ते कोण म्हणालं असतं?

आजोळ
मी सोलापूरचा. आमचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, ते जपानविरुद्धच्या याच युद्धात. डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले, वय फक्त बत्तीस. ज्या फौजेच्या जखमींवर ते उपचार करत होते, त्यांच्यासाठी 'धोक्याची घडी' म्हणजे रोजचा दिवस होता.

आणि गाणं तेव्हा चीनपुरतं राहिलंही नव्हतं. ल्यू ल्यांगमो नावाचे गृहस्थ हजारोंच्या जमावाला समूहगान शिकवत फिरायचे. ते अमेरिकेत गेले आणि त्यांनी हे गायक पॉल रॉबसनना शिकवलं. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या खुल्या मैदानात रॉबसननी ते चिनीत गायलं, पुढच्या वर्षी तबकडी निघाली. ज्या कृष्णवर्णीय माणसाचे वडील गुलामीत जन्मले होते, त्याच्या तोंडी "गुलाम व्हायला नकार देणाऱ्यांनो"! तेव्हा हे गाणं कुठल्या सरकारचं होतं?

तिठा
आजोळकाका, रॉबसनच्या वडिलांची गोष्ट मला इथे जोडता आली नव्हती. तबकडी शोधून ऐकतो.

माझं मत कायम आहे: कायद्याच्या धाकाने गायला लावलेलं गीत मला ऐकवत नाही. पण शब्द बदलायला हवे होते, हे आता तितक्या ठामपणे म्हणणार नाही.

एक सांगायचं राहिलं. न्ये अर् जिथे बुडाला त्या फुजिसावाच्या किनाऱ्यावर जपानी लोकांनी १९५४ मध्ये त्याचं स्मारक उभारलं. १९५८ च्या वादळात ते वाहून गेलं, तर १९६५ मध्ये पुन्हा बांधलं. त्याच्या नावाच्या पारंपरिक चिनी अक्षरांत 'कान' हे चिन्ह चार वेळा येतं, आणि स्मारकाची रचनाही त्याच चिन्हासारखी केली आहे. जपानविरुद्धच्या गाण्याचा संगीतकार, आणि त्याचे कान जपानच्या समुद्राकडे लागलेले.