मेक माझी टेक्स फाईल स्वतःच उडवतंय, थांबवायचं कसं?

मंडळी, लिनक्सवर जीएनयू मेक (नियमांप्रमाणे एका फाईलवरून दुसरी बनवणारा प्रोग्राम) वापरतोय. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गणपती मंडळाचा अहवाल मार्कडाऊनमधे लिहितो, पॅनडॉकने त्याचं टेक्स होतं नि झीलाटेकने पीडीएफ, मेकफाईलमधे दोनच नियम, दोन्ही टक्केवाल्या पॅटर्नचे (टक्क्याच्या जागी कुठलंही फाईलनाव चालतं). पीडीएफ बनते पण शेवटी आपोआप 'आरएम अहवाल.टेक्स' (आरएम म्हणजे फाईल पुसायची कमांड) अशी ओळ येते आणि फाईल गायब, मी आरएम कुठेच लिहिलेलं नाहीये!! एरवी जाऊदे म्हटलं असतं, पण पीडीएफमधे 'दुसऱ्या'तला ऱ्या फुटतोय, तर घोळ टेक्समधेच आहे का फॉन्ट गंडलाय हे बघायला ती फाईल हवीय. बरं परत मेक मारलं तर म्हणतंय पीडीएफ अप टू डेट आहे, म्हणजे मधली फाईलच नाही तरी याला चालतं?

अजून एक, वर्गणीदारांची यादी वेगळ्या यादी.टेक्समधे आहे, अहवालात इनपुट करून घेतलीय. तिच्यात नावं वाढवली तरी मेक ढिम्म. खजिनदार काका रोज नवीन नावं पाठवतात आणि मी दर वेळी पीडीएफ डिलीट करत बसतो. प्रेसवाला मागे लागलाय, सांगा राव कुणीतरी.

उत्तर:
अहो बग नाहीये तो. टेक्सचं नाव मेकफाईलमधे कुठेच थेट आलेलं नाही, मेकने दोन पॅटर्न जोडून वाट स्वतः काढली, म्हणून ते तिला इंटरमीडिएट, म्हणजे मधली तात्पुरती फाईल, समजतं आणि काम झालं की पुसतं. अशी फाईल नसली तर थेट मार्कडाऊन आणि पीडीएफची वेळ ताडून बघतं, पीडीएफ नवी असेल तर विषय संपला.

ती टिकवायला मेकफाईलमधे टिंब, कॅपिटलमधे सेकंडरी, कोलन, पुढे अहवाल.टेक्स असं लिहा. टक्केवाला पॅटर्न तिथे चालत नाही हां, तो प्रेशसला (फाईल न पुसायला सांगणारी अशीच दुसरी ओळ) चालतो, पण प्रेशस लावून मधेच कंट्रोल-सी मारून काम थांबवलंत तर अर्धवट फाईल तशीच राहते आणि मेक पुढच्या वेळी तीच खरी धरतं. मेकच्या ४.४ आवृत्तीपासून याच कामाचं नॉटइंटरमीडिएट पण आलंय, पण मंडळात कुणी मॅकवाला असेल तर नको, तिथे ॲपल २००६ सालचं ३.८१ देतं.

यादीचं म्हणाल तर मेक टेक्सच्या आत डोकावत नाही, इनपुट वगैरे त्याला कळणार कसं? 'अहवाल.पीडीएफ: यादी.टेक्स' एवढी ओळ टाका, खाली कमांड नको, पॅटर्नवालीच लागू होते. आणि टेक्स राहिली म्हणून तिच्यात हाताने दुरुस्त्या करू नका, मार्कडाऊन बदललं की पॅनडॉक वरून लिहून टाकेल.

धागाकर्ता:
सेकंडरी चाललं, यादीचं पण झालं, लय आभार! टेक्समधे ऱ्या नीट आहे, म्हणजे फॉन्टच.

उत्तर:
फॉन्टस्पेकमधे (झीलाटेकमधे फॉन्ट ठरवायचं पॅकेज) स्क्रिप्ट देवनागरी दिलंय ना? ते नसेल तर चांगला फॉन्ट पण जोडाक्षरं फोडतो.