मंदिराच्या झिजलेल्या बेसॉल्टला इथिल सिलिकेट द्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या गावात महादेवाचं हेमाडपंती मंदिर आहे. संरक्षित स्मारकांत त्याची नोंद नाही, त्यामुळे दुरुस्तीचं देवस्थान समितीच ठरवते. मंडपाचे खांब घट्ट काळ्या दगडाचे, अजून खणखणीत. जोतं मात्र सच्छिद्र बेसॉल्टचं आहे आणि त्याचे पापुद्रे सुटताहेत. झिओलाइट या खनिजाच्या पांढऱ्या गाठी निखळून वाटाण्याएवढे खळगे पडलेत, बोट फिरवलं की हिरवट भुगा हाताला लागतो. सांधे कधीकाळी सिमेंटने भरलेत, त्यांच्या कडेने लोणा फुटलाय. अभिषेकाचं पाणीही त्याच बाजूला मुरतं.

एका ठेकेदाराने इपॉक्सीचा पारदर्शक लेप सुचवलाय. माझा त्याला ठाम विरोध आहे. ओल आत कोंडेल आणि लेप उन्हाने पिवळा पडेल. दगडाचे सुटे कण बांधून ठेवणारं इथिल सिलिकेट हे द्रव रसायन त्यापेक्षा पटतं. ते दगडात शोषलं जातं, ओलाव्यामुळे त्याचं विघटन होतं, अल्कोहोल उडून जातं आणि कणांमध्ये सिलिका उरते. चुनखडीपेक्षा बेसॉल्टसारख्या सिलिकेटी दगडाला ती चांगली धरते. पण एकदा आत गेलेलं परत काढता येत नाही.

खरी धास्ती स्मेक्टाइटची. झिजलेल्या बेसॉल्टमधली ही माती पाण्याने फुगते, वाळली की आकसते. वरचा थर कडक झाला आणि आतली माती फुगतच राहिली, तर नक्षीसकट अख्खा पापुद्रा सुटेल ना? फुगणं कमी करणारं डायअमाइनचं द्रावण आपल्याकडच्या दगडावर कुणी वापरलंय का? तपासणीसाठी गळलेला भुगा चालेल का?

प्रतिसाद:

भुगा चालेल, दगड फोडू नका. एक्स-रे डिफ्रॅक्शन (खनिजं ओळखायची चाचणी) करताना मातीचा बारीक अंश वेगळा काढून त्याला इथिलीन ग्लायकॉल द्यायला सांगा, त्याने स्मेक्टाइट फुगते आणि मग ती लपत नाही. डायअमाइन मी वापरलेलं नाही. ते द्यायचं तर सिलिकेटच्या आधी, आणि त्याने फुगणं फक्त कमी होतं.

तुमची भीती रास्त आहे. झीज जितकी खोल, तितकं खोल रसायन पोचलं नाही तर पापुद्रा सुटतोच. त्याआधी अभिषेकाच्या पाण्याला वाट काढा, सिमेंट हलक्या हाताने काढून सांधे चुन्यात भरा, क्षार कागदाच्या ओल्या लगद्याने ओढून घ्या. एवढ्याने भुगा पडायचा थांबला तर रसायन नकोच. लागलंच तर आवारात पडलेल्या सुट्या दगडावर आधी करून बघा, तेही पावसाळ्यानंतर दगड सुकल्यावर. पुढचे 3-4 आठवडे पाणी लागू देऊ नका. त्या काळात दगड पाणी झटकतो, तेव्हा निकाल त्यानंतरच बघा.