न उघडणाऱ्या फायली: तुमचे अनुभव

पाटीपेन्सिल:
काल माळा आवरताना बाबांच्या ट्रंकेत एक सीडी सापडली. वर स्केचपेनने 'स्मरणिका फायनल २ नवीन'. डीटीपीवाल्याकडे बाबा प्रुफं तपासत बसायचे आणि मी त्याच्या खुर्चीवर गरगर फिरायचे, ते सगळं आठवलं. शेजाऱ्यांकडून सीडी ड्राइव्ह आणला, तर आत पेजमेकरची, म्हणजे पानं लावायच्या जुन्या प्रोग्रामची फाइल! आता पेजमेकर कोणाकडे असणार? शेवटी लिबरऑफिसच्या ड्रॉमध्ये उघडली. चौकटी, रेघा सगळं जागच्या जागी, पण मजकूर म्हणजे डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं. तुमच्याकडेही असली भुतं असतीलच. येऊ द्यात.

खडीसाखर:
फॉण्ट कुठला? युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या एकाच अक्षरपद्धतीच्या, आधीचे मराठी फॉण्ट रोमन अक्षरांच्याच जागांवर बसवलेले असायचे. कुठे काय बसवायचं ते ज्याचं त्याने ठरवलेलं, म्हणून श्रीलिपीतला मजकूर कृतिदेव लावून वाचता येत नाही.

पाटीपेन्सिल:
नाव दिसतंय, श्री-देव आणि पुढे आकडे.

खडीसाखर:
मग श्रीलिपीच. तो फॉण्ट मिळाला की वाचता येईल. नंतर कन्व्हर्टरमधून युनिकोड कर, पण रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपास. तिथेच माती खातात सगळे कन्व्हर्टर.

वरणफळ:
लेकीने अमेरिकेतून बारशाचे फोटो पाठवले, इथे कॉम्प्युटरवर एकही उघडेना. आयफोन २०१७ पासून हाइक (HEIC) नावाच्या प्रकारात फोटो ठेवतो म्हणे. तिला सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये जाऊन 'मोस्ट कम्पॅटिबल' करायला सांगितलं. पुढचे फोटो आले नीट. नातू आजोबांवर गेलाय, कान तर अगदी तेच!!

रिकामटेकडा:
अभिनंदन आजी! पेढे कुठायत?

बोरूबहाद्दर:
वर्डची फाइल 'करप्ट' म्हणाली की मी आधी कॉपी काढतो, कॉपीच्या नावाच्या शेवटचं डॉक्स (docx) खोडून झिप (zip) लिहितो आणि उघडतो. डॉक्स म्हणजे आतून झिपच. आत 'वर्ड' फोल्डर, त्यात 'मीडिया'मध्ये फोटो आणि 'डॉक्युमेंट' नावाच्या फाइलीत मजकूर, कंसांच्या जंगलात का होईना. भावाचा अख्खा प्रबंध असा बाहेर काढलाय. झिपच उघडली नाही तर मात्र अवघड. आणि साइज ० बाइट दाखवत असेल तर नाद सोडा, आत काहीच नाही. जिथून कॉपी केली तिथे शोधा.

चहाबाज:
आमच्या साहेबांनी एकदा नावापुढे नागमोडी रेघ आणि डॉलर असलेली फाइल मेल केली. 'उघडत का नाही?' वर्ड चालू असताना स्वतःसाठी बनवतो ती फाइल, आत फक्त कोण काम करतंय त्याचं नाव. साहेबांना हे सांगणार कोण? सांगितलं 'सर, नेटचा प्रॉब्लेम, परत पाठवा.'

रिकामटेकडा:
प्रमोशन नक्की 😂

सुपारीकातर:
आधारची पीडीएफ पासवर्ड मागतेय. ओटीपी टाकला, नाही चालत. रांगेत उभी आहे, लवकर सांगा

बोरूबहाद्दर:
ओटीपी नाही ताई. आधारवरच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये, लगेच जन्माचं साल. मध्ये जागा सोडू नका.

सुपारीकातर:
झालं!! देव भलं करो

उंबरठा:
आमच्याकडे फक्त लोणच्याची बरणी उघडत नाही. फायली-बियली ह्यांचं खातं.

वरणफळ:
झाकण गरम पाण्यात धर मिनिटभर.

माळकरी:
डिजिटल सातबाऱ्यावर पिवळं प्रश्नचिन्ह येतंय, कुणाला माहितीय?

चहाबाज:
सातबारा खोटा नाही, तुमचं पीडीएफ उघडणारं अॅक्रोबॅट त्यावरच्या डिजिटल सहीला ओळखत नाही एवढंच. मोबाइलवर नका खटपट करू. कॉम्प्युटरवर सहीवर राइट क्लिक, व्हॅलिडेट, मग प्रॉपर्टीजमध्ये सर्टिफिकेट उघडून ट्रस्टमध्ये टाका.

माळकरी:
कॉम्प्युटर पोराचा, तो आठला येतो. तोवर कुणी कांद्याचा भाव सांगा.