बाबांच्या कानाची रात्रीची कळ: तातडीने सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

बाबा उन्हाळ्यापुरते आमच्याकडे इंग्लंडात लेस्टरला आलेत. वय ७४, मधुमेह २० वर्षांचा. तीन आठवडे उजवा कान ठणकतोय, घाण वासाचं पाणी येतं. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, दोनदा थेंब दिले. आईने फोनवरून लसूण तळलेलं तेल सांगितलं, तेही घातलं. दिवसा बरे असतात, रात्री मात्र कळ अशी की उठून बसतात. आज सकाळपासून चहा उजव्या ओठातून ओघळतोय. अपॉइंटमेंट सोमवारी आहे. डॉक्टरताई, तोवर काय करू?

*

दादा, सोमवार विसरा. आत्ता ९९९ ला, म्हणजे ॲम्ब्युलन्सला, फोन करा. चेहरा एका बाजूला उतरला की पक्षाघात नाही ना, हे आधी पाहावंच लागतं. तो नसेल, तर तिथल्या डॉक्टरांना कानाबद्दल सगळं सांगा, मधुमेह आणि रात्रीची कळ दोन्ही.

मला भीती वाटतेय ती कानाच्या नळीतून हाडात शिरलेल्या संसर्गाची. नळीचा बाहेरचा भाग कूर्चेचा, आतला हाडाचा. दोन्ही जुळतात तिथून जंतू, बहुधा स्यूडोमोनास, कवटीच्या तळाकडे सरकतो. चेहऱ्याची नस तिथूनच बाहेर पडते. १९६८ साली डॉक्टर चँडलर यांनी याला ‘मॅलिग्नंट’ म्हटलं, म्हणून कागदावर तो शब्द दिसला तर घाबरू नका, हा कॅन्सर नव्हे. मात्र कॅन्सरही असाच दिसू शकतो, म्हणून कानातला मांसल तुकडा तपासायला घेतील. नाही म्हणू नका.

सीटी किंवा एमआरआय होईल, कानातला स्राव कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, जाईल. अँटिबायोटिक बहुधा आधी शिरेतून, मग गोळ्या. निदान सहा आठवडे, बरेचदा जास्त. कधी जंतूऐवजी बुरशी निघते, तेव्हा औषधच वेगळं. तेल मात्र आजपासून बंद, आणि कान कोरडा ठेवा.

*

ताई, पक्षाघात नव्हता. तुम्ही म्हणालात तेच निघालं. १२ दिवस ॲडमिट होते, आता सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या. कळ पूर्ण थांबली, ओठ अजून थोडा वाकडा आहे. बाबा म्हणतात, आता गोळ्या पुरे, गणपतीला घरी जायचंय.

*

ऐकून फार बरं वाटलं. पण गोळ्या थांबवू देऊ नका. कळ आधी जाते, हाडातला जंतू सगळ्यात शेवटी. अर्धवट सोडलं की तो परततो, आणि दुसऱ्यांदा त्याच गोळीला दाद देईलच असं नाही. सीआरपी आणि ईएसआर (रक्तातून शरीरातला दाह मोजणाऱ्या तपासण्या) खाली येताहेत ना, ते दर वेळी विचारा.

गोळी दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत देऊ नका, औषध अंगी लागत नाही. या औषधाने साखर एकदम उतरूही शकते, तेव्हा घरी रोज मोजा. टाच किंवा पोटरीचा स्नायूबंध (टेंडन) दुखला तर लगेच कळवा.

तिकीट पुढे ढकला. बाबांना सांगा, यंदा आरतीचं ताट इथल्या मंडळात त्यांच्याच हातात देऊ.