सर्व्हिस बुकातला तक्ता संपला, गाडी अजून चालतेय: जुन्या डिझेल एसयूव्हीचं आता काय काय करायचं?

चौथं_चाक:

नमस्कार मंडळी. गाडी डिझेल, मॅन्युअल गिअर, लिव्हरने टाकायचं फोर व्हील ड्राइव्ह. वय १४ वर्षं, रनिंग १,८०,००० किमी. मी दुसरा मालक. आधीच्या मालकाच्या फायलीत इंजिन ऑइलच्या पावत्या नीट लावलेल्या आहेत, बाकी कशाचाच पत्ता नाही. सर्व्हिस बुकातला तक्ता दीड लाखावर संपतो.

गाडी तशी ठणठणीत आहे. थंडीतही पहिल्या सेल्फला सुरू होते, धूर नाही. एक मेकॅनिक म्हणतो, "चालतंय ना, मग हात लावू नका." दुसऱ्याने इंजिन फ्लशपासून इंजेक्टर क्लीनिंगपर्यंत पानभर यादी हातात ठेवली. माझं रनिंग वर्षाला जेमतेम ६,००० किमी, तेही बहुतेक जवळपासचं. आधी काय करू, नंतर काय, आणि कशाच्या वाटेला जाऊच नको?

सुसाट:

इंजिन ऑइल वेळेवर, एअर फिल्टर स्वच्छ, डिझेल चांगल्या पंपावरचं. बाकी सगळे गॅरेजवाल्यांचे धंदे. जास्त विचार करू नका, चालवा.

जुनंखोड:

सुसाट, निम्मं पटलं. पण इंजिन ऑइल सगळेच बदलतात. गाडीखाली वाकून बाकीची ऑइलं कोणी बघत नाही, आणि जुन्या फोर बाय फोरचा खरा खर्च तिथूनच निघतो.

चौथं_चाक, तक्ता संपला तर पहिल्या पानापासून पुन्हा सुरू करायचा. त्यात किमी आणि महिने असे दोन रकाने असतात, जे आधी भरेल ते धरायचं. तुमच्या रनिंगला किमीचा रकाना विसरा, महिने बघा. जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं. मग ऑइलमध्ये उतरलेलं डिझेल आणि ओल उडून न जाता तिथेच राहते. म्हणून ऑइल आणि ऑइल फिल्टर वर्षातून एकदा बदला, मीटर कितीही सरकलेला असो. नवं ऑइल चार दिवसांत काळं दिसलं तर घाबरू नका, डिझेल इंजिनात काजळीने ते होतंच.

आणि ज्या कामाची पावती नाही ते झालेलंच नाही असं धरा. आधीचा मालक कितीही सज्जन असो.

सगळ्यात आधी तुमच्या इंजिनाला टायमिंग चेन आहे की बेल्ट ते शोधा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवून ठेवणारी साखळी की पट्टा. बेल्ट असेल आणि बदलल्याचा पुरावा नसेल, तर यादीतलं बाकी सगळं थांबवा. बेल्ट तुटायच्या आधी आवाज करेलच असं नाही, आणि बहुतेक डिझेल इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. बदलताना टेन्शनर आणि आयडलर, म्हणजे बेल्ट ताणून आणि मार्गावर ठेवणाऱ्या पुलीही नव्या घाला. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही उरकून टाका. मजुरी उघडझाकीचीच असते, ती दोनदा कशाला द्यायची?

मग ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं, गाडी उभी असली तरी. नव्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर तोच १५५ च्या आसपास येऊ शकतो. लांब उतारावर पॅडल मऊ पडतं ते यामुळे. २ वर्षांत एकदा पूर्ण बदला. चाकं काढलीच आहेत तर कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणारा भाग) स्लाइड पिन साफ करून त्यांचं खास ग्रीस लावून घ्या. एकाच चाकातला एक पॅड झिजलेला आणि दुसरा जाडजूड दिसला तर पिन अडकली आहे असं समजा.

कूलंटचं थोडक्यात: गंजरोधक घटक काही वर्षांत संपतात, मग रंग कितीही छान दिसो. रंग बघून टॉप-अप करू नका, बुकात लिहिलेला प्रकारच घाला.

आता हाऊसिंग, म्हणजे गाडीखालच्या गिअरांच्या ऑइल भरलेल्या पेट्या. पुढचं डिफरन्शियल, मागचं डिफरन्शियल (वळणावर डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि गिअरबॉक्स अशी चार वेगळी ऑइलं आहेत तुमच्या गाडीत. काम कोणीही करो, तुम्ही शेजारी उभे राहा. गाडी सपाटीवर हवी. आधी वरचा फिलर प्लग उघडायला लावा, खालचा ड्रेन प्लग नंतर. वर्षानुवर्षं न उघडलेला फिलर प्लग कधीकधी जाम असतो. खालून ऑइल सोडून दिलं आणि वरचा उघडलाच नाही, तर गाडी जॅकवर आणि हाऊसिंग कोरडं! ड्रेन प्लगला बहुधा चुंबक असतं. त्यावर काजळासारखा मऊ करडा लेप असणं साहजिक आहे. बोटांत चोळून बघा. कण टोचले किंवा तुकडे दिसले तर पुढे तपासणी हवी. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. नवं ऑइल फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत येऊन बाहेर ओघळू लागलं की पुरे.

त्याच वेळी हाऊसिंगचा ब्रीदर बघा, छोटी टोपी किंवा नळी असते. तो मातीने बुजला तर तापलेली हवा सील ढकलून ऑइल बाहेर काढते. उलट, तापलेलं हाऊसिंग पाण्यात बुडालं की थंड होताना तेच सील पाणी आत ओढतात. लोक सील बदलत बसतात आणि ब्रीदर तसाच बुजलेला. प्रोपेलर शाफ्टला ग्रीस निपल असतील तर तिथेही गन मारायला सांगा.

इंजिन फ्लश मी करणार नाही, इतक्या वर्षांचा गाळ सुटून भलतीकडे अडकायला नको. ऑइल वेळेवर बदलत राहा, तेवढं पुरे. इंजेक्टरला काही लक्षण नसेल तर हात लावू नका, फक्त डिझेल फिल्टर बदला आणि मध्ये त्यातलं पाणी सोडा.

चौथं_चाक:

जुनंखोड, मनापासून आभार. दोन शंका. मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलला एकच ऑइल चालेल. आणि फोर व्हीलचा लिव्हर फार घट्ट आहे, बहुधा वापरलेलाच नसावा.

जुनंखोड:

एकच ऑइल सरसकट नको. जीएल-४, जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे. डिफरन्शियलच्या हायपॉइड गिअरना (त्यांचे दात एकमेकांवर जोराने घासतात) सहसा जीएल-५ लागतं. मॅन्युअल गिअरबॉक्सला बऱ्याच गाड्यांत जीएल-४ सांगितलेलं असतं, कारण जीएल-५ मधली जादा रसायनं गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवतीलच असं नाही. काही ट्रान्सफर केसमध्ये तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल पडतं. मागे लिमिटेड स्लिप (एकच चाक नुसतं घसरत फिरू न देणारं डिफरन्शियल) असेल तर त्याचं ऑइल आणखी वेगळं. मेकॅनिकचा अनुभव आपल्या जागी, यात शब्द बुकाचाच.

लिव्हरचं: ऑइल बदला, खालचे सांधे साफ करून वंगण द्या, मग माती किंवा खडीच्या रस्त्यावर सावकाश जाताना टाकून बघा. कोरड्या डांबरावर अजिबात नको. अशा ट्रान्सफर केसमध्ये मधलं डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण गिअरांवर येतो. काढताना अडकला तर थोडं सरळ मागे घ्या, सुटतो. पुढे महिन्याकाठी एकदा तरी वापरा, म्हणजे आत ऑइल फिरेल.

रबरी_होज:

एक राहिलं, टायर. टायरच्या बाजूला DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे ४ आकडे बघा, तीच बनल्याची तारीख. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीचं नक्षीकाम छान दिसतं आणि रबर मात्र कडक झालेलं असतं. स्पेअरचंही बघा, त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. आणि थंड इंजिनावर रेडिएटरचे होज हाताने दाबा. क्लॅम्पजवळ लिबलिबीत लागला किंवा करकरला तर बदला.

चौथं_चाक:

आज बघितलं. बेल्टच आहे. कव्हरवर स्टिकर सापडलं: ९२,००० किमी. तारीख पुसलेली. म्हणजे ८८,००० किमी झाले, आणि बुकात बदलायचं अंतर १,००,००० दिलंय. सहा महिने ढकलता येईल का?

जुनंखोड:

किमीने ढकलता येईल. वर्षं किती झाली ते तुम्हालाही ठाऊक नाही आणि स्टिकरलाही. याच महिन्यात उरका, पंपासकट. हाऊसिंगची ऑइलं पुढच्या महिन्यात केली तरी काही बिघडत नाही.