एकाच रोपाला दोन जातींची पानं?? आणि हे स्मॉल आरएनए काय प्रकरण आहे

खारघरचा_बाबा
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या बाहेर रस्त्याच्या कडेला ऑस्ट्रेलियन बाभळीची रांग आहे, तीच ती विळ्यासारखी लांब पानं, पिवळे तुरे, आणि खाली इतका कचरा की झाडणारी मावशी रोज त्या झाडाला शिव्या घालते. यंदा पावसात खाली बरीच रोपं उगवली. जवळून बघितलं तर पानं चक्क गावठी बाभळीसारखी, बारीक पिसं पिसं. मला वाटलं सुबाभूळ असणार, म्हणून एक उपटून कुंडीत लावलं. तर महिन्या-दीड महिन्यात त्याच रोपाला वरती विळा-पानं यायला लागली! मधलं एक पान तर अर्धवटच, देठ पसरट होऊन विळा झालाय आणि त्याच्या टोकाला पिसं लटकतायत.
मुलगी बारावीला आहे, तिला म्हटलं डीएनए तर बी पासून तोच आहे ना, मग पान कसं बदललं? म्हणाली जीन चालू बंद होतात बाबा. अगं पण बंद करतो कोण? त्यावर उत्तर नाही. एका बागेच्या ग्रुपवर विचारलं तर कुणीतरी "स्मॉल आरएनए" एवढंच टाकून गायब झालं. आम्हाला शाळेत आरएनए म्हणजे डीएनएचा निरोप्या इतकंच शिकवलेलं. निरोप्याच निरोप अडवतो की काय?

कोपरीचा_काका
सोपं आहे. लहान रोप पावसात सावलीत असतं, त्याला नाजूक पानं परवडतात. मोठं झालं की ऊन आणि कोरडा उन्हाळा, मग जाड चामड्यासारखं पान लागतं. निसर्ग हुशार आहे.

भातवाली_ऐरोली
काका, हे "कशासाठी"चं उत्तर झालं, बाबा "कसं" विचारतायत. (माझी पीएचडी भातावर झाली, हल्ली क्लासेस घेते, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.)
पहिली गोष्ट, तो विळा म्हणजे खरं पान नाहीच, तो चपटा झालेला देठ आहे, त्याला पिसं आलेलीच नसतात. तुमचं ते अर्धवट पान म्हणजे बदल होताना रंगेहाथ पकडलेला पुरावा आहे, फोटो काढून ठेवा.
आता निरोप्या. जीनवरून निरोपाची कॉपी निघते, ती पेशीत जाते आणि तिच्यावरून प्रोटीन बनतं, इथपर्यंत शाळेतलं बरोबर. पण काही जीन असे असतात की त्यांच्या कॉपीवरून प्रोटीन बनतच नाही, तो आरएनएचा धागा स्वतःवरच दुमडतो, केसांच्या आकड्यासारखा. मग डायसर-लाइक-१ नावाचं प्रोटीन त्यातून साधारण २१ अक्षरांचा (अक्षर म्हणजे आरएनएच्या माळेतला एक मणी) एक तुकडा कापून काढतं. हा तुकडा आर्गोनॉट नावाच्या दुसऱ्या प्रोटीनच्या हातात जातो आणि ती जोडगोळी पेशीत फिरत राहते. ज्या निरोपात या २१ अक्षरांशी जुळणारी ओळ सापडेल तो निरोप तिथल्या तिथे मधोमध कापला जातो. म्हणजे जीन चालूच आहे, चिठ्ठी पण निघाली, पण पोचायच्या आधी कुणीतरी ती फाडली. प्राण्यांमध्ये ही जुळणी बरीचशी अर्धवट असते, झाडांत जवळपास पूर्ण असते, म्हणून झाडांत सरळ कात्रीच चालते.
तुमच्या रोपातल्या तुकड्याचं नाव मिर-१५६. (शायर मीर नव्हे, मायक्रोआरएनएचं मिर.) कोवळ्या रोपात हा खच्चून भरलेला असतो आणि एसपीएल नावाच्या जीनच्या खानदानाचे निरोप फाडत बसतो. हे एसपीएल म्हणजे "आता मोठं व्हा" सांगणारे. रोप वाढतं तसा मिर-१५६ कमी कमी होत जातो, एसपीएल सुटतात, ते पुढे मिर-१७२ नावाच्या दुसऱ्या तुकड्याला वाढवतात, आणि मग पानांचा आकार बदलतो, फुलायची तयारी होते. आणि हे मी उगाच तुमच्या झाडाला चिकटवत नाहीये, २०११ साली अकेशियाच्याच (तुमच्या ऑस्ट्रेलियन बाभळीच्याच वंशातल्या) दोन जाती, निलगिरी, आयव्ही, ओक अशा झाडांवर हेच तपासलं होतं, कोवळ्या पानांत मिर-१५६ भरपूर, प्रौढ पानांत कमी.

खारघरचा_बाबा
बापरे. ताई एक शंका, तो कमी होतो म्हणजे कळतं कसं त्याला की वय झालं? रोप दिवस मोजतं का?

भातवाली_ऐरोली
दिवस नाही, साखर. २०१३ मध्ये हे समोर आलं, पानांनी उन्हात बनवलेली साखर वाढली की मिर-१५६ उतरतो. खाऊन पिऊन तब्येत झाली की मगच वयात यायचं, असा हिशेब. प्रयोगात कोवळ्या रोपाची पहिली पानं खुडली तर मिर-१५६ वरच राहतो आणि रोप जास्त काळ "लहान" राहतं.

गच्चीबाग_ठाणे
मस्त चाललंय. म्हणजे माझ्याकडे ड्रममध्ये दोन आंबे आहेत, एक रत्नागिरीहून आणलेलं हापूसचं कलम, ते तिसऱ्या वर्षी मोहरलं, आणि एक कोयीतून आपोआप उगवलेलं, त्याला आठ वर्षं झाली नुसती पानंच पानं, ते पण यातलंच का? आणि साखर म्हणालात तर साखरपाणी घालू का त्याला? अजून एक, गेल्या वर्षी एका प्रदर्शनात साडेचारशेची बाटली गळ्यात मारली माझ्या, "आरएनए टॉनिक, झाड दुप्पट वाढेल", घंटा काही झालं नाही.

भातवाली_ऐरोली
कलमाची काडी वयात आलेल्या झाडाची असते, ती आपलं वय सोबत घेऊन येते, खालचा खुंट कितीही कोवळा असला तरी. कोयीचं रोप मात्र शून्यापासून सुरू करतं. आपल्या कलमवाल्यांना हे कुठलाही आरएनए न ऐकता माहीत होतं.
साखरपाणी घालू नका, मुंग्या येतील बाकी काही नाही, साखर पानात बनून आतून फिरायला हवी. बाटलीबद्दल सांगायचं तर उघडा आरएनए ऊन आणि मातीत पटकन तुटतो, आणि कुठला निरोप फाडायचा ते अक्षरांनी ठरतं, "दुप्पट वाढ" असा काही निरोप नसतो. खरा आरएनए स्प्रे आहे जगात, अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंग्यासाठी एकाला परवानगी मिळाली, पण तो भुंग्याच्या पोटात जाऊन भुंग्याचा जीन बंद करतो, बटाटा मोठा करत नाही.
वाढीचं म्हणाल तर भातात खरंच झालंय. एका एसपीएल जीनमध्ये असा बदल सापडला की मिर-१५६ ला ती ओळ नीट जुळेना, निरोप फाटेना. तर फुटवे कमी आले पण काडी जाड आणि लोंबीला दाणे जास्त. २०१० ची गोष्ट. कोकणातल्या माणसाला कमी फुटवे म्हटलं की धस्स होतं, पण बरेच फुटवे तसेही वांझ असतात.

पिटुनिया_पाचपाखाडी
मधेच घुसतोय. हिवाळ्यात नर्सरीतून चांदणीसारखे पांढरे पट्टे असलेले पिटुनिया आणतो, एकाच रोपावर एका फुलाला रुंद पट्टा, एकाला बारीक, असं का?

भातवाली_ऐरोली
अहो तुम्ही तर या सगळ्याच्या मुळावरच हात ठेवलात! रंग बनवणाऱ्या जीनचे निरोप पट्ट्याच्या जागी छोटे आरएनए फाडतात, म्हणून तिथे पांढरं. हवा-उजेड बदलला की पट्टे पण कमीजास्त होतात. १९९० मध्ये जॉर्गेनसन आणि नेपोली यांनी पिटुनियाचा जांभळा रंग अजून गडद व्हावा म्हणून त्याच जीनची जादा कॉपी घातली, तर बरीच फुलं पांढरी आली! कुणाला काही कळेना. १९९९ ला हॅमिल्टन आणि बॉलकोम यांना झाडांत ते छोटे आरएनए सापडले तेव्हा कोडं सुटायला लागलं. या छोट्या आरएनएच्या कामाचं नोबेल मात्र २००६ ला पण आणि २०२४ ला पण कृमीवर काम करणाऱ्यांना. चुकीचं दिलं असं नाही म्हणत मी, पण झाडवाल्यांना दोन्ही वेळा ठेंगा, हे मला अजून झोंबतं.

कोपरीचा_काका
मी आपला निसर्ग हुशार म्हणून मोकळा झालो होतो 😅

खारघरचा_बाबा
ताई, फार आभार. आज सकाळी खाली जाऊन अजून दोन रोपं आणली, एकाच मापाची, दोन्हीला अजून पिसंच आहेत. एकाला हात लावणार नाही आणि दुसऱ्याची खालची पानं खुडत राहणार, बघू विळा कुणाला आधी येतो. खुडल्यामुळे रोप खंगलं म्हणून उशीर झाला असं कुणी म्हणेल, पण मी काय पेपर छापणार नाहीये. मुलगी म्हणाली बाबा हे नीटला येणार नाही, पुस्तकात आरएनएने जीन बंद करायचं उदाहरण म्हणून तंबाखूच्या मुळातला कृमी तेवढा आहे. पण कुंड्यांवर मार्करने अ आणि ब तिनेच लिहिलंय.